कोंकला जायचंय? दक्षिण फ्रान्समधल्या या मध्ययुगीन यात्रेच्या गावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नोकरीनिमित्त तुलूझला राहते. पुण्या-मुंबईहून, साताऱ्याहून पाहुणे आले की पॅरिस झाल्यावर त्यांचा एकच प्रश्न असतो, "इथलं एखादं जुनं गाव दाखव ना." मी प्रत्येकाला कोंकला घेऊन जाते. गेल्या काही वर्षांत किती खेपा झाल्या ते मोजलेलं नाही, पण प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

कोंक नेमकं कुठे आहे?

फ्रान्सच्या दक्षिणेला आव्हेरों नावाचा जिल्हा आहे. रोदेझ हे त्याचं मुख्य शहर. तिथून वायव्येला साधारण चाळीस किलोमीटरवर, दुर्दू आणि उश या दोन छोट्या नद्यांच्या संगमाजवळ, डोंगराच्या उतारावर कोंक वसलंय. चारी बाजूंना चेस्टनट आणि ओकचं जंगल. समोरच्या डोंगरावरून पाहिलं तर गाव शिंपल्यासारखं दिसतं, आणि नावही शिंपल्याच्या लॅटिन शब्दावरून आलंय असं सांगतात. २०१६ साली शेजारची गावं जोडून मोठी ग्रामपालिका झाली, तेव्हापासून तिचं अधिकृत नाव 'कोंक-आं-रुएर्ग' आहे. नकाशात शोधताना हे लक्षात ठेवा.

उच्चार 'कोंक' असाच करायचा. अनेकजण इंग्रजी स्पेलिंग वाचून 'कॉन्क्वेस' म्हणतात, आणि मग बसवाल्याला काही कळत नाही.

एवढ्याशा गावात पाहण्यासारखं काय आहे?

अकराव्या-बाराव्या शतकातलं, सेंत-फ्वा या संत मुलीच्या नावाचं मठ-चर्च, त्याच्या दरवाज्यावरचं दगडी शिल्प, नवव्या-दहाव्या शतकापासून जपलेली सोन्याची मूर्ती, विसाव्या शतकातल्या एका थोर चित्रकाराने केलेल्या खिडक्या, आणि या सगळ्याभोवती लाकडी चौकटीची, दगडी पाख्यांच्या छपरांची घरं. हे सगळं दहा मिनिटांत या टोकाहून त्या टोकाला चालून होईल एवढ्या जागेत आहे. १९९८ साली युनेस्कोने स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थक्षेत्राकडे जाणाऱ्या, फ्रान्समधल्या यात्रामार्गांना जागतिक वारसा ठरवलं. त्या यादीत कोंकचं चर्च आहे आणि खाली नदीवरचा यात्रेकरूंचा जुना पूलही आहे.

यात्रामार्ग हा शब्द महत्त्वाचा. कोंक हे किल्ल्याचं किंवा बाजाराचं गाव नाही, ते वाटेवरचं गाव आहे. ल प्यूई या गावापासून स्पेनमधल्या सांतियागोपर्यंत साधारण दीड हजार किलोमीटरची पायवाट जाते. मध्ययुगापासून लोक ती चालत आलेत आणि आजही चालतात. दुपारी चारच्या सुमारास चौकात बसलात तर पाठीवर पिशवी, पायात धुळीने माखलेले बूट अशी माणसं एकेक करून उतरताना दिसतात. काहीजण चर्चसमोर पिशवी टाकून नुसते उभे राहतात. आपल्याकडे पालखी तळावर पोचल्यावर वारकऱ्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं, तेच त्यांच्या चेहऱ्यावर असतं.

पोचायचं कसं?

सगळ्यात सोयीचं म्हणजे तुलूझला गाडी भाड्याने घेणं. अडीच-पावणेतीन तास लागतात. शेवटचा टप्पा वळणावळणाचा आहे. घाट लागणाऱ्यांनी पुढच्या सीटवर बसावं.

रेल्वेने यायचं तर तुलूझहून रोदेझपर्यंत गाडी आहे, सव्वादोन ते अडीच तासांची. पॅरिसच्या ओस्तरलित्झ स्थानकावरून रोदेझला रात्रीची गाडीही येते. संध्याकाळी पॅरिसला बसायचं आणि सकाळी आव्हेरोंमध्ये डोळे उघडायचे. मला हा प्रवास फार आवडतो, पण वेळापत्रक बदलत असतं, म्हणून आरक्षणाआधी तपासा. खरी अडचण आहे ती रोदेझहून पुढच्या चाळीस किलोमीटरची. बस कमी आहेत, आणि रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी तर भरवसाच नको. टॅक्सी आदल्या दिवशी ठरवा आणि सकाळी पुन्हा फोन करा. आमच्या एका खेपेला ठरवलेली टॅक्सी आलीच नाही. सत्तरीच्या मावशीला घेऊन दीड तास स्टेशनबाहेरच्या बाकावर बसावं लागलं. त्या दिवसापासून मी दोन नंबर जवळ ठेवते.

गाड्या गावात जात नाहीत. गावाबाहेरच्या वाहनतळावर पैसे भरून लावायच्या आणि चालत आत यायचं.

सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल का?

येता येईल, पण तसं करू नका. माझा आग्रह एवढ्या एकाच गोष्टीला आहे. अकरा ते चारच्या दरम्यान पर्यटक बसने येतात, फोटो काढतात, आईस्क्रीम खातात आणि जातात. त्या वेळात पाहिलेलं कोंक आणि पाच वाजल्यानंतरचं कोंक यांत फार अंतर आहे. बस गेल्या की गावात राहणारे, यात्रेकरू आणि मुक्कामाला थांबलेले मोजके लोक उरतात. मग पाण्याचा आवाज ऐकू येतो. चर्चच्या खिडक्यांचा रंग बदलू लागतो. रात्रीचं वेगळंच आहे, त्याबद्दल पुढे लिहिलंय. एक रात्र राहिलात तरच कोंक बघितलं म्हणा.

गाव इतकं जुनं कसं राहिलं?

एका अर्थाने गरिबीमुळे. मध्ययुगात यात्रेमुळे मठाकडे जमिनी आल्या, देणग्या आल्या. नंतर यात्रा ओसरली, मठाचं वैभव गेलं आणि गाव डोंगरात एकटं पडलं. नवी घरं बांधायला कोणाकडे पैसा नव्हता, त्यामुळे जुनी तशीच राहिली. पण त्याच गरिबीत चर्च मोडकळीला आलं. मठाचं अंगण, म्हणजे भोवती कमानी असलेला चौक, एकोणिसाव्या शतकात बराचसा पाडला गेला आणि दगड लोकांनी बांधकामाला नेले. आज तिथे थोड्या कमानी आणि हिरवट सर्पेंटाइन दगडाचं कुंड पाहायला मिळतं.

१८३७ साली प्रॉस्पेर मेरिमे इथे आला. तो लेखक होताच, पण फ्रेंच सरकारचा ऐतिहासिक वास्तूंचा निरीक्षकही होता. इतक्या आडजागी असं काही सापडेल याची त्याला कल्पना नव्हती. त्याच्या अहवालानंतर दुरुस्तीची चक्रं हलली. समोरचे दोन मनोरे आज जसे दिसतात तसे त्याच शतकाच्या शेवटी उभे राहिले. १८७३ मध्ये प्रेमोंत्रे पंथाचे धर्मगुरू आले आणि मठात पुन्हा प्रार्थना सुरू झाली. ते आजही तिथे आहेत.

सेंत-फ्वा कोण होती?

'फ्वा' म्हणजे श्रद्धा. परंपरा सांगते की ही आझाँ नावाच्या गावातली बारा-तेरा वर्षांची मुलगी. इसवी सन ३०३ च्या सुमारास, रोमन सम्राट डायोक्लेशनच्या काळात ख्रिस्ती लोकांचा छळ झाला, तेव्हा तिने धर्म सोडायला नकार दिला आणि तिला मारण्यात आलं. तिच्या अस्थी आझाँमध्ये पूजल्या जात.

मग त्या कोंकला कशा आल्या? चोरून. कोंकच्या मठाला महत्त्व हवं होतं आणि त्यासाठी संताच्या अस्थी हव्या होत्या. इथला एक साधू आझाँला गेला, तिथल्या समाजात मिसळून दहा वर्षं राहिला, सगळ्यांचा विश्वास मिळवला आणि ८६६ च्या सुमारास अस्थी घेऊन कोंकला परतला अशी कथा आहे. त्या काळी अशा चोरीला पाप मानत नसत. संतालाच जागा बदलायची होती, म्हणून चोरी साधली, असा युक्तिवाद असे. त्यानंतर यात्रेकरूंची रीघ लागली.

पुढे कधीतरी अस्थी सुरक्षिततेसाठी भिंतीत बंद केल्या गेल्या आणि कुठे ठेवल्यात हे लोक विसरून गेले. १८७५ मध्ये दुरुस्तीचं काम चालू असताना त्या पेटीसह सापडल्या.

ती सोन्याची मूर्ती म्हणजे काय? ख्रिस्ती धर्मात मूर्तिपूजा असते का?

हा प्रश्न आमच्या घरच्या प्रत्येक पाहुण्याने विचारलाय, आणि गंमत अशी की हजार वर्षांपूर्वी एका फ्रेंच विद्वानालाही तोच पडला होता.

मूर्ती मठाच्या खजिन्यात, काचेच्या पेटीत आहे. उंची जेमतेम ८५ सेंटिमीटर. लाकडी गाभ्यावर सोन्याचा पत्रा, सिंहासनावर ताठ बसलेली आकृती, आणि अंगभर रत्नं, स्फटिक, कोरीव खडे. त्यांतले कित्येक खडे रोमन काळातले आहेत. चेहरा तर मूर्तीपेक्षाही जुना आहे. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातला एखादा सोन्याचा मुखवटा इथे बसवलाय असं अभ्यासक मानतात. म्हणजे मुलीचं शरीर आणि एखाद्या सम्राटाचा वाटावा असा चेहरा. डोळे मोठे, निळसर-काळे, थेट तुमच्याकडे रोखलेले. पेटीसमोर उभं राहून थोडं डावीकडे-उजवीकडे सरका. प्रकाश खड्यांवरून फिरतो आणि ती हलल्याचा भास होतो. मध्ययुगात मेणबत्तीच्या उजेडात गुडघ्यांवर बसलेल्या माणसाला काय वाटलं असेल, ते त्या क्षणी समजतं.

अकराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्नार नावाचा एक शिकलेला धर्मगुरू उत्तरेकडच्या आंझे शहरातून इथे आला. वाटेत ऑरियाक गावात संत जेराल्डची सोन्याची मूर्ती पाहून तो सोबत्याला म्हणाला की ज्युपिटर किंवा मार्स या रोमन देवांनाही अशी मूर्ती आपल्याला शोभेल असंच वाटलं असतं. थोडक्यात, हे तर जुन्या देवांचं पूजन झालं. कोंकला आल्यावरही त्याला तेच वाटलं. पण इथे तो लोकांमध्ये राहिला, त्यांचं ऐकलं, आणि आपल्या शब्दांचा त्याला पश्चात्ताप झाला. पुढे सेंत-फ्वाच्या चमत्कारांचा ग्रंथ सुरू केला तो त्यानेच.

त्या ग्रंथातली सेंत-फ्वा हट्टी आहे, खट्याळ आहे, तिला दागिने आवडतात. ती बायकांच्या स्वप्नात जाऊन अंगठ्या मागते. तुलूझच्या सरदाराच्या पत्नीकडे तिने सोन्याच्या बांगड्या मागितल्या आणि बदल्यात मुलगा दिला, अशी एक कथा आहे. माझी आई हे ऐकून म्हणाली, "म्हणजे नवस की." अगदी तेच. मूर्तीच्या अंगावरचं सगळं सोनंनाणं त्या नवसांचं आहे. कोणी बांगडी दिली, कोणी खडा दिला, आणि सोनारांनी ते शतकानुशतकं जडवत नेलं.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात चर्चची मालमत्ता जप्त होऊ लागली तेव्हा गावकऱ्यांनी हा खजिना आपापसांत वाटून घरांत, बागांत लपवला आणि वादळ शमल्यावर परत आणून दिला. म्हणूनच तो आज लूव्हरमध्ये नाही, कोंकमध्येच आहे. चर्चमध्ये जायला पैसे पडत नाहीत, खजिन्याला तिकीट आहे. ते जरूर काढा.

दरवाज्यावरच्या शिल्पात काय काय बघायचं?

निदान अर्धा तास ठेवा. मान दुखेल, म्हणून समोरच्या पायऱ्यांवर बसून बघा.

बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं हे अर्धवर्तुळाकार शिल्प म्हणजे अंतिम न्यायाचा दिवस. यात १२४ आकृत्या आहेत आणि काही ठिकाणी जुना निळा-लाल रंग अजून टिकून आहे. मध्यभागी ख्रिस्त. त्याचा उजवा हात वर, तारलेल्यांकडे, आणि डावा खाली, नरकाकडे. म्हणजे आपल्या डाव्या बाजूला स्वर्ग, उजव्या बाजूला नरक.

स्वर्गाच्या रांगेत मेरी आहे, किल्ली घेतलेला पीटर आहे, आणि त्यांच्यामागे एक मठाधिपती एका राजाचा हात धरून त्याला पुढे ओढतोय. तो राजा शार्लमेन, मठाचा आश्रयदाता. त्याची पापं बरीच असावीत, कारण तो अंग चोरून चालतो. खाली छोटीशी सेंत-फ्वा देवाच्या हातासमोर वाकलेली आहे आणि तिच्यामागे बेड्या टांगलेल्या आहेत. ती बंदिवानांना सोडवते अशी ख्याती होती. सुटलेले कैदी आपल्या बेड्या इथे आणून वाहत. चर्चच्या आत गाभाऱ्याभोवती ज्या लोखंडी जाळ्या आहेत, त्या त्याच बेड्या वितळवून केल्या असं गावात सांगतात.

मधल्या पट्टीत देवदूत मिकाएल आणि सैतान आत्म्याचं वजन करतायत. सैतान तराजूचं पारडं बोटाने दाबतोय, नीट बघा. बाजारात काटा मारणारा माणूस आपल्यालाही ओळखीचा आहे.

नरक बघताना मुलं रमतात. घोड्यावरून उपडा पडणारा गर्विष्ठ सरदार. गळ्यात पैशाची थैली अडकवून फासावर लटकवलेला कंजूस. जीभ ओढून काढला जाणारा चहाडखोर. आणि एका कोपऱ्यात शिकारचोर स्वतःच काठीला बांधून भाजला जातोय, भाजणाऱ्याचं तोंड सशासारखं. खाली लॅटिनमध्ये कोरलंय: पाप्यांनो, वागणं बदललं नाहीत तर कठोर न्याय तुमची वाट पाहतोय हे जाणून असा.

आणि आता सगळ्यात वरच्या कमानीची कड बघा. तिथे छोटी छोटी डोकी दोन्ही हातांनी दगडी पडदा धरून खाली डोकावतायत. त्यांना इथे 'कुतूहली' म्हणतात. ती कोण आहेत याचं ठाम उत्तर कोणाकडे नाही. मला विचाराल तर ती आपणच.

खिडक्यांत रंगीत चित्रं का नाहीत?

कारण त्या पिएर सुलाज यांनी केल्या. सुलाज १९१९ मध्ये रोदेझला जन्मले आणि २०२२ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी गेले. काळ्या रंगाचा चित्रकार म्हणून जग त्यांना ओळखतं. शाळकरी वयात कोंकचं हे चर्च पाहून आपण चित्रकारच व्हायचं असं त्यांनी ठरवलं, हे त्यांनी अनेकदा सांगितलंय. पन्नासेक वर्षांनी त्याच चर्चच्या १०४ खिडक्यांचं काम त्यांच्याकडे आलं. १९८७ ते १९९४ अशी सात वर्षं ते चाललं.

त्यांनी रंगीत काच घेतलीच नाही. तुलूझचे काचकारागीर झाँ-दोमिनिक फ्लरी यांच्यासोबत शेकडो चाचण्या करून त्यांनी अशी काच घडवली की बाहेरचं दिसत नाही, पण उजेड आत येतो आणि येताना विरघळल्यासारखा होतो. काचेत स्वतःचा रंग नाही. तरी सकाळी एका बाजूच्या खिडक्या निळसर दिसतात, संध्याकाळी दुसऱ्या बाजूच्या केशरी. हा रंग त्या त्या वेळच्या उजेडाचा. शिशाच्या काळ्या तिरक्या रेषा तेवढ्या खिडकीभर वाहतात.

सुरुवातीला गावात अनेकांना या खिडक्या पटल्या नव्हत्या. आधीच्या चित्रमय रंगीत काचा काढल्या गेल्याचं वाईट वाटलं होतं. मलाही पहिल्या खेपेला त्या फिक्या वाटल्या, कारण मी भर दुपारी वीस मिनिटांसाठी आत गेले होते. दुसऱ्या खेपेला सकाळी आठला गेले, मग दुपारी, मग दिवेलागणीला. सकाळी खांबावर पडलेला निळा पट्टा दुपारी पांढरा झाला होता आणि संध्याकाळी त्याच जागी जर्दाळूच्या रंगाची छटा होती. २२ मीटर उंच तो मधला भाग, पिवळा आणि तांबूस दगड, आणि त्यावरून सरकणारा हा उजेड. तेव्हा कळलं की सुलाज यांना खिडकी दाखवायची नव्हतीच, दगड दाखवायचा होता.

रात्री काय असतं?

उन्हाळ्याच्या मोसमात संध्याकाळची प्रार्थना होते आणि मग दुसऱ्या दिवशी पुढे निघणाऱ्या यात्रेकरूंना आशीर्वाद दिला जातो. त्यांना पुढे बोलावून कोण कुठून आला हे विचारतात. नंतर मठातले धर्मगुरू बाहेर येऊन शिल्प समजावून सांगतात, फ्रेंचमधून, पण हातवाऱ्यांमुळे बरंच कळतं. त्यानंतर चर्चमध्ये ऑर्गन वाजतो आणि वरच्या सज्ज्यांमध्ये फिरू देतात. तिथून खांबांवरचं कोरीवकाम हाताच्या अंतरावर येतं. शेवटी शिल्पावर रंगीत प्रकाश टाकून ते मध्ययुगात रंगवलेलं कसं दिसत असेल ते दाखवतात. वेळा तिथल्या पर्यटन कार्यालयात विचारा. प्रार्थना चालू असताना बोलू नये आणि फोटो काढू नयेत, एवढं पाळा. सगळ्या धर्मांच्या लोकांचं तिथे स्वागत असतं.

राहायची सोय?

मठाचं यात्रेकरू निवास आहे, गावात छोटी हॉटेलं आणि घरगुती खोल्या आहेत. खोल्या थोड्या आहेत. मे ते सप्टेंबरसाठी दोन-तीन महिने आधी आरक्षण करा.

शाकाहारी माणसाचं कसं होईल?

होईल, पण तयारी हवी. आव्हेरों हा गुरंढोरं आणि चीजचा प्रदेश आहे. तुमच्यासाठी मुख्य पदार्थ म्हणजे आलिगो. उकडलेला बटाटा, ताजं तोम चीज, लोणी किंवा क्रीम आणि लसूण घोटून घोटून अशी चिकट गरम लापशी करतात की पळी उचलली की हातभर तार येते. सोबत सॉसेज वाढतात, ते नको म्हणून सांगायचं. फार्सू नावाची पालेभाजीची भजीसारखी वडी मिळते, पण त्यात अंडं असतंच आणि बऱ्याचदा मांसही घालतात. विचारल्याशिवाय खाऊ नका. सॅलडवर लार्दों, म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे, न सांगता येतात. सूपचं पाणी बहुधा मांसाचं असतं.

पाठ करून ठेवा: "ज न माँझ नि व्हियाँद, नि प्वासों." मांस नाही, मासे नाहीत.

अगदी काटेकोर शाकाहारी असाल तर हेही माहीत असू द्या: रोकफोर, लागियोल अशी इथली पारंपरिक चीजं प्राण्यांच्या रेनेटने, म्हणजे वासरा-कोकरांच्या जठरातून काढलेल्या विरजणाने, विरजलेली असतात. आमच्या काकूंनी हे कळल्यावर दोन दिवस ब्रेड, फळं, टोमॅटो आणि बॅगेतल्या मेतकुटावर आनंदाने काढले.

गोडात फुआस नावाचा संत्र्याच्या फुलांच्या अर्काचा ब्रेड, आणि विस्तवाजवळ फिरत्या शंकूवर पीठ ओतत ओतत भाजलेला केक. पिणाऱ्यांसाठी जवळच्या खोऱ्यातली मार्सियाक ही लाल वाइन आहे.

कोणत्या महिन्यात जावं?

मे, जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि ऊन. नोव्हेंबर ते ईस्टर बरीच दुकानं, खानावळी बंद असतात. सेंत-फ्वाचा दिवस ६ ऑक्टोबरला असतो आणि त्या सुमारास गावात उत्सव होतो. तेव्हाच चेस्टनट पडायला लागतात आणि जंगल तांबूस होतं. आपल्या शाळांना दिवाळीची सुट्टी लवकर आली तर हा योग साधता येतो.

आईवडिलांना चढउतार झेपेल का?

गुडघे दुखणाऱ्यांनी काठी आणावी. रस्ते फरसबंदीचे, उतरते आणि पावसात निसरडे आहेत. वाहनतळ ते चर्च हे अंतर कमी आहे, परतीची चढण मात्र दम काढते. मध्ये मध्ये बसायला कट्टे आहेत. चाकाच्या खुर्चीला गाव अवघड आहे. गाव वरून बघायचं तर समोरच्या बाँकारेल डोंगरावर गाडीने जाता येतं. सकाळचा उजेड तिथून उत्तम.

व्हिसाचं काय?

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना चालणारा एकच व्हिसा, लागतो. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. मे-जूनला यायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच भेटीची वेळ घ्या, नंतर मिळणं कठीण होतं.

फ्रेंच येत नाही, अडेल का?

फारसं नाही. एक मात्र कराच. दुकानात, खानावळीत, चर्चच्या तिकीट खिडकीशी, कुठेही पाऊल टाकलं की आधी "बोंजूर" म्हणा आणि समोरच्याचं उत्तर येऊ द्या. मगच कामाचं बोला. थेट "हाऊ मच?" विचारणं इथे उद्धटपणाचं मानतात. फ्रेंच लोक तुटक बोलतात अशी तक्रार करणाऱ्या निम्म्या लोकांची अडचण या एका शब्दाने सुटेल.

जवळपास अजून काय बघता येईल?

रोदेझला सुलाज यांचं संग्रहालय आहे, २०१४ मध्ये उघडलेलं. कोंकच्या खिडक्यांची तयारी-रेखाटनं तिथे आहेत, म्हणून कोंक आधी आणि रोदेझ नंतर हा क्रम बरा. रोदेझचं तांबड्या दगडाचं कॅथेड्रलही बघा. दुसऱ्या दिशेला फिजाक. इजिप्तची चित्रलिपी उलगडणारा शांपोलियों १७९० मध्ये तिथेच जन्मला, आणि ज्या रोझेटा शिळेवरून ती लिपी उलगडली तिची प्रचंड प्रतिकृती एका चौकात जमिनीवर अंथरलेली आहे. तिच्यावरून चालता येतं.

ल प्यूईहून चालत येणं आपल्याला जमेल का?

अंतर सुमारे २०० किलोमीटर, साधारण दहा दिवसांचं. आळंदी-पंढरपूर पायी केलेल्यांना आवाक्यातलं आहे, पण स्वरूप वेगळं. इथे दिंडी नाही, टाळ-मृदंग नाही, स्वयंपाकाचा टेम्पो नाही. माणसं एकेकटी किंवा दोघं-दोघं चालतात, आपलं ओझं आपण वाहतात आणि संध्याकाळी जीत नावाच्या यात्रेकरू-निवासात एका टेबलावर जेवतात. वाटेवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा आहेत, जी. आर. ६५ असं तिचं नाव. ओब्राकच्या पठारावर वारा आणि धुकं असतं, तिथे रेनकोट लागतोच.

चालायला वेळ नाही, तरी त्या वाटेची थोडी तरी ओळख होईल का?

होईल. सकाळी लवकर चर्चसमोरून निघा आणि शार्लमेन रस्त्याने खाली उतरा. बारी दरवाजातून बाहेर पडलात की घरं संपतात. तळाशी दुर्दूवरचा तो कमानींचा जुना पूल. त्याला 'रोमन' म्हणतात, पण रोमनांशी संबंध नाही. यात्रेकरूला जुन्या भाषेत 'रोमिऊ' म्हणत, त्यावरून ते नाव आलं. पूल ओलांडून झाडीतून खडी पायवाट चढते. अर्ध्या-पाऊण तासात सेंत-फ्वाची एक छोटी दगडी घुमटी लागते. पुढे निघालेले यात्रेकरू इथे थांबतात, वळून एकदा गावाकडे बघतात आणि घंटेचा दोर ओढतात. गावात मागे राहिलेल्यांना कळतं की आपला माणूस वर पोचला.

माझे बाबा तीन वेळा पायी वारीला गेलेत. गेल्या जूनमध्ये मी त्यांना घेऊन तिथवर चढले. ते धापा टाकत कट्ट्यावर बसले, घाम पुसला, पायातले बूट काढून बाजूला ठेवले आणि मग अनवाणी पायांनी जाऊन दोर ओढला. खाली, दरीपलीकडे, चर्चच्या चौकात उभी असलेली आई आम्हाला ठिपक्याएवढी दिसत होती. घंटा वाजल्यावर तिने पदर हलवला.